गावाची नाडी आपणच पाहू या : स्थानिक निर्देशक आणि परिसराचा शाश्वत विकास

स्मरणिका म्हटली की आठवणी आल्या, ऋणनिर्देश आले, गुणवंतांची छायाचित्रे आली. ते सारे या अंकात आहेच. आम्ही मात्र या पानांवर जरा वेगळा विषय घेत आहोत. आपल्या निवासी शाळेत आलेली बहुतेक मुले कोरडवाहू गावांतून, वस्त्यांवरून आणि ऊसतोडीच्या तळांवरून आली. शिकली, मोठी झाली, काही शहरांत स्थिरावली. ज्या गावांतून ती आली त्या गावांचे पुढे काय झाले? गाव पुढे गेले की मागे पडले, हे कशावरून ओळखायचे? आणि ते ओळखण्याचा अधिकार कोणाचा? या प्रश्नांचा विचार माजी विद्यार्थी, पालक आणि उपासक-उपासिका यांच्यासमोर मांडावा, असे आम्हाला वाटले.

वज्जींची सात लक्षणे

दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्ताचा आरंभ आपल्यापैकी अनेकांनी वर्षावासातील प्रवचनांत ऐकला असेल. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींच्या गणराज्यावर चाल करून जाण्याच्या विचारात होता. त्याने आपला अमात्य वस्सकार याला राजगृहाजवळच्या गृध्रकूट पर्वतावर भगवंतांकडे पाठविले. भगवंतांनी वस्सकाराला सरळ उत्तर दिले नाही. मागे उभे राहून वारा घालणाऱ्या आनंदाला ते एकेक प्रश्न विचारीत गेले. वज्जी वरचेवर सभा भरवितात काय? एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात काय? ठरलेले नियम मोडत तर नाहीत ना? वडीलधाऱ्यांचे ऐकतात काय? स्त्रियांवर आणि मुलींवर जबरदस्ती तर करीत नाहीत ना? आपल्या चैत्यांचा मान राखतात काय? अर्हतांना त्यांच्या भूमीत सुरक्षितता आहे काय? जोवर ही सात लक्षणे टिकून आहेत तोवर वज्जींची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असा त्या संवादाचा निष्कर्ष.

या प्रसंगाचा धार्मिक अर्थ आपण जाणतोच. त्यातील पद्धतीकडे मात्र आपले लक्ष क्वचित जाते. एका राज्याचे भवितव्य सांगताना भगवंतांनी त्याच्या खजिन्यातील सुवर्ण मोजले नाही, हत्ती-घोडे मोजले नाहीत. डोळ्यांनी दिसणारी, कोणालाही पडताळून पाहता येणारी सात लक्षणे विचारली आणि प्रत्येक लक्षणासाठी आनंदाने काय ऐकले आहे, हे विचारले. आज विकासाच्या शास्त्रात ज्याला ‘निर्देशक’ म्हणतात, ती ही कल्पना होय.

निर्देशक म्हणजे काय?

अंगात ताप आहे की नाही हे वैद्य काखेत तापमापी ठेवून पाहतो. तापमापीतील आकडा म्हणजे रोग नव्हे, पण आत काही बिघडले असल्याची ती खूण असते. निर्देशक हे समाजाच्या आणि निसर्गाच्या प्रकृतीचे तापमापी होत. जी गोष्ट सबंध मोजता येत नाही, तिची स्थिती एखाद्या मोजता येण्याजोग्या खुणेवरून ओळखणे, हे निर्देशकाचे काम.

अमेरिकेतील सिएटल शहरातील नागरिकांनी १९९० नंतरच्या दशकात आपल्या शहराचे निर्देशक स्वतः ठरविले. त्यांत एक निर्देशक होता : समुद्रातून परतून गावच्या ओढ्यांत अंडी घालणारे सामन मासे किती? सामान्य माणसाला पाण्यातील रसायनांचे तक्ते कळत नाहीत, पण ओढ्यात मासा आला की नाही हे लहान मुलालाही कळते. मासा यायचा तर पाणी थंड आणि स्वच्छ हवे, काठावर झाडे हवीत, वरच्या बाजूची जंगले शाबूत हवीत, मध्ये बंधाऱ्यांचा अडथळा नको. म्हणजे एका माशाच्या मोजणीत सबंध खोऱ्याची प्रकृती आली. आपल्याकडे जुनी माणसे ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत होता यावरून सालाचा अंदाज घेत. तोही निर्देशकच होता. आपण तो कधी वहीत लिहून ठेवला नाही, एवढेच.

चांगल्या स्थानिक निर्देशकाला तीन कसोट्या लावता येतील. तो गावातील माणसाला समजला पाहिजे. दरवर्षी त्याच पद्धतीने, थोडक्या खर्चात मोजता आला पाहिजे. आणि त्यात बदल दिसला तर काय करायचे, हे गावाच्या हाती असले पाहिजे. शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची. ज्या आकड्यावरून कोणताच निर्णय होत नाही, तो आकडा दप्तराची जाडी तेवढी वाढवितो.

अनुशेषाची मोजणी : महाराष्ट्राचा अनुभव

प्रादेशिक विकास मोजण्याचा प्रयत्न आपल्या राज्याला नवा नाही. १९५३ च्या नागपूर करारापासून विदर्भ आणि मराठवाड्याला न्याय्य वाटा देण्याची भाषा सुरू झाली आणि राज्यघटनेच्या कलम ३७१ (२) मध्ये तिला आधार मिळाला. तथापि वाटा न्याय्य आहे की नाही हे ठरवायचे तर आधी मागासलेपण मोजावे लागते. ते काम १९८३ साली नेमलेल्या आणि १९८४ साली अहवाल देणाऱ्या सत्यशोधन समितीने केले. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते. समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा अशी नऊ क्षेत्रे घेतली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली, सरासरीच्या खाली असलेल्या जिल्ह्यांची उणीव मोजली आणि ती भरून काढण्यास किती खर्च येईल याचा हिशेब मांडला. हाच तो ‘अनुशेष’. तो सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. पुढे १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली आणि १९९५ साली निर्देशांक व अनुशेष समिती नेमली गेली.

या मोजणीचे मोल मोठे आहे. तिच्यामुळे मागासलेपण ही तक्रार न राहता हिशेबाची बाब झाली. परंतु तिच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा, एकक जिल्हा होते. नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांचा निफाड तालुका आहे आणि डोंगराळ, आदिवासी सुरगाणाही आहे. अहिल्यानगरच्या उत्तरेस प्रवरेच्या कालव्यांवरचा बागायती पट्टा आहे आणि दक्षिणेस पाथर्डी-पारनेरचा दुष्काळी टापू आहे. दोहोंची सरासरी काढली की सुरगाण्याचे दुखणे निफाडच्या समृद्धीखाली झाकून जाते. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ साली दिलेल्या अहवालात विचाराचे एकक तालुक्यापर्यंत खाली आणले, ते याच कारणाने.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. अनुशेष मोजताना सुविधा किती आहेत हे मोजले गेले. त्या सुविधांचा उपयोग कोणाला होतो, हे त्या हिशेबाच्या बाहेर राहिले. रस्त्याचे किलोमीटर मोजता आले, पण त्या रस्त्याने कोणाचा माल बाजारात गेला आणि कोणाची माणसे पोटासाठी बाहेर गेली, हे कळले नाही.

कागदावर खुले, प्रत्यक्षात बंद

ही दुसरी मर्यादा आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावी लागत नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. त्या दिवशी एखाद्या अधिकाऱ्याने ‘अस्पृश्यांना खुले असलेले पाणवठे’ असा तक्ता केला असता, तर त्यात चवदार तळ्याची नोंद निर्वेधपणे झाली असती. प्रत्यक्षात त्या तळ्याचे पाणी कोणा अस्पृश्याने ओंजळीत घेतले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तळ्यापर्यंत जाऊन ते पाणी घेतले, तेव्हा ठराव आणि वास्तव यांतील अंतर साऱ्या देशाला दिसले. ‘तळे खुले आहे काय?’ आणि ‘तळ्याचे पाणी कोण पितो?’ हे दोन वेगळे निर्देशक आहेत. पहिला दप्तरात मिळतो. दुसरा तळ्याच्या काठावर उभे राहिल्याखेरीज मिळत नाही.

एकाच आकड्यावर विसंबण्यातला धोका बाबासाहेबांनी त्याच्याही आधी, १९१८ साली, भारतातील लहान शेतधारणांवरील आपल्या निबंधात दाखवून दिला होता. धारणा किफायतशीर आहे की नाही, हे केवळ जमिनीच्या आकारावरून ठरविणाऱ्यांशी ते सहमत नव्हते. जमीन, श्रम आणि भांडवल यांचे परस्परप्रमाण काय आहे, हे पाहिल्याशिवाय एकर मोजून काही कळणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. शेतीवर बसून राहिलेल्या जास्तीच्या मनुष्यबळाला उद्योगांत काम मिळणे हा त्यांनी सुचविलेला उपाय होता. चुकीची गोष्ट मोजली की उपायही चुकीचा निघतो, हा धडा शंभर वर्षांनंतरही तितकाच ताजा आहे.

आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या एका पाहणीचा येथे उल्लेख करावासा वाटतो. जवळच्या एका गावात घरोघर नळ पोहोचल्याचा फलक लागला होता, आणि तो खोटा नव्हता. मुलांनी नळ मोजले नाहीत. त्यांनी पाणी सुटण्याच्या वेळी एक हंडा घेऊन गावातील पहिल्या नळाशी आणि दुसरा घेऊन वस्तीतील शेवटच्या नळाशी ठाण मांडले आणि घड्याळ लावून हंडा भरायला लागणारा वेळ लिहून घेतला. पहिल्या नळाखालचा हंडा पाहता पाहता भरला. शेवटच्या नळाखालचा हंडा भरण्याआधी पाणी गेले. आठवडाभर रोज अशी नोंद झाली. ती वही ग्रामसभेत वाचली गेली तेव्हा सुरुवातीला थोडी बोलाचाली झाली, पण आकडे कोणाला नाकारता येईनात. वस्ती जलवाहिनीच्या टोकाला होती आणि गावातील तोट्या सुरू असेपर्यंत तिकडे दाबच येत नव्हता. शेवटी पाणी सोडण्याच्या पाळ्या बदलल्या आणि एक दिवसाआड वस्तीची बाजू आधी सुटू लागली. वस्तीचे सगळे प्रश्न त्याने मिटले असे नाही. परंतु ज्या बायका पहाटेपासून नळाशी बसत, त्यांची एक खेप तरी वाचली.

पाण्याचा ताळेबंद

शाश्वत विकासाचा विचार आपल्या भागात पाण्यापासूनच सुरू करावा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने त्यासाठी जो मार्ग घालून दिला तो सर्वपरिचित आहे. वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावात १९९० नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पाणलोटाची कामे झाली. त्यांच्या जोडीने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली. शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा आणि ऊस-केळीसारखी तहानलेली पिके टाळण्याचा नियम झाला. बांध-चर तर अनेक गावांत झाले. हिवरे बाजारने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. पावसाळा संपला की पाऊस किती झाला आणि विहिरींची पातळी काय आहे, हे मोजून गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी आधी बाजूला काढते आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीत काय पेरायचे हे ग्रामसभेत ठरविते. पाऊस कमी, तर पेरा कमी. येथे निर्देशक निर्णय घेतो.

हा ताळेबंद कसा मांडतात हे एका कल्पित गावाच्या हिशेबावरून पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी. चारशे मिलिमीटर पडला तर हेक्टरी चाळीस लाख लिटर. गावाचे शिवार एक हजार हेक्टरांचे असेल, तर शिवारात चारशे कोटी लिटर पाणी पडले. यातील बरेचसे वाफ होऊन जाते, पिके आणि झाडे वापरतात, काही वाहून जाते. दख्खनच्या काळ्या पाषाणात मुरणारा भाग थोडा असतो. आपण ढोबळमानाने दहावा हिस्सा धरू. म्हणजे विहिरींच्या वाट्याला चाळीस कोटी लिटर.

आता गरज पाहू. गावाची लोकसंख्या दोन हजार आणि माणशी रोज पंचावन्न लिटर धरले, तर वर्षाला सुमारे चार कोटी लिटर लागतात. म्हणजे मुरलेल्या पाण्याच्या दहाव्या हिश्शात सबंध गावाची घरगुती गरज भागते. मग मार्च उजाडताच टँकर का लागतो? एका हेक्टर उसाला वर्षभरात दोन कोटी लिटरांच्या आसपास पाणी लागते. दोन हेक्टर ऊस जितके पाणी पितो, तितक्यात दोन हजारांचे गाव वर्षभर राहते. वीस हेक्टर ऊस उभा राहिला की भूजलाचा जवळजवळ सगळा ताळेबंद संपला. पाऊस कमी पडला, हे टंचाईचे कारण अर्धेच खरे असते. उरलेले अर्धे कारण आपल्या पेऱ्यात दडलेले असते आणि तो पेरा कोणाच्या शेतात आहे, हा प्रश्न त्यात ओघानेच येतो. ज्याला जमीनच नाही तो एक थेंबही उपसत नाही, पण विहीर आटल्यावर टँकरच्या रांगेत तोच पहिला उभा असतो.

पातळी मोजण्याची सोय अवघड नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करीत आहे. तिच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत आणि वर्षातून चार वेळा, साधारणपणे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत, त्यांची पातळी नोंदली जाते. गावाने तेच महिने धरावेत, चार-पाच विहिरी निवडाव्यात, काठापासून पाण्यापर्यंतची खोली दोरी सोडून मोजावी आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावी. एक दोरी, एक वजन आणि एक चिकाटीचा माणूस, एवढे साहित्य पुरते.

कोयता आणि हजेरीपट

आता अशा एका निर्देशकाबद्दल बोलू, जो कोणत्याही विकास अहवालाच्या पहिल्या पानावर येत नाही, पण ज्यामुळे आपली शाळा आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. आई-वडिलांबरोबर लहान मुले जातात. थोडी मोठी झालेली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी जाते आणि तिची शाळा तेथेच थांबते.

शाळेच्या पटावर या मुलांची नावे असतात. जूनमध्ये पट मोजला तर गावात शिक्षणाचा प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. तोच वर्ग जानेवारीत मोजावा. जून आणि जानेवारी यांच्या हजेरीतील फरक हा त्या गावाच्या विकासाचा, आमच्या मते, सर्वांत प्रामाणिक निर्देशक आहे. त्या एका आकड्यात पाऊस आहे, विहिरीची पातळी आहे, जमिनीची वाटणी आहे, रोजगार हमीची कामे वेळेवर निघाली की नाही हे आहे, सावकाराचे कर्ज आहे आणि मुलीच्या शिक्षणाला घरात किती मोल आहे, हेही आहे. सिएटलच्या ओढ्यात जे काम मासा करतो, ते आपल्या गावात जानेवारीतील रिकामा बाक करतो.

याचा अर्थ वसतिगृहे व निवासी शाळा अपुऱ्या आहेत, एवढाच नाही. आम्ही मुलाला येथे ठेवून घेतो, तेव्हा त्याचे वर्ष वाचते, पण त्याच्या आईच्या हातातील कोयता सुटत नाही. आमच्या वसतिगृहातील खाटांची मागणी दरवर्षी वाढत जाणे, याला आम्ही बराच काळ शाळेचे यश समजत होतो. आज आम्हाला असे वाटते, की ही मागणी कमी होणे हे आपल्या परिसराच्या विकासाचे खरे लक्षण ठरेल. ज्या वर्षी जवळच्या गावांतील पालक ‘आता आम्ही जात नाही, लेकरू घरीच राहून शिकेल’ असे सांगतील, ते वर्ष आपल्या संस्थेच्या इतिहासात मानाचे असेल.

भूतानकडून काय घ्यावे?

बौद्ध परंपरेच्या देशांत विकासमापनाचा सर्वाधिक चर्चिलेला प्रयोग भूतानचा. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी एकूण राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा एकूण राष्ट्रीय सुख महत्त्वाचे, हा विचार मांडला आणि २००८ च्या राज्यघटनेत त्याला स्थान मिळाले. मोजणीसाठी नऊ क्षेत्रे आणि तेहतीस निर्देशक ठरले. उत्पन्न, आरोग्य, शिक्षण यांच्याबरोबर मनःस्वास्थ्य, वेळेचा विनियोग, समूहजीवन, संस्कृती आणि निसर्ग यांनाही त्यांत जागा मिळाली. माणसाला झोप किती मिळते आणि काम किती तास करावे लागते, हेही तेथे विचारले जाते. पहाटे चारला फडात उतरणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे सांगायला नको.

मात्र या आदर्शाकडेही डोळसपणे पाहावे लागते. १९९० च्या सुमारास त्याच देशातून नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा समाजातील सुमारे एक लाख लोकांना बाहेर पडावे लागले आणि वर्षानुवर्षे नेपाळमधील निर्वासित छावण्यांत राहावे लागले. जे मोजणीच्या आत नाहीत त्यांचे दुःख सुखाच्या आकड्यात उतरत नाही. निर्देशक कितीही उदात्त असो, ‘मोजणीतून कोण सुटले?’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

आपल्या गावासाठी सात नोंदी

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेली सतरा शाश्वत विकास ध्येये आपल्या देशात ग्रामपंचायतींसाठी नऊ संकल्पनांत बांधली गेली आहेत आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात त्यांचा विचार अपेक्षित आहे. तो आराखडा वरून आलेल्या नमुन्यात भरून पाठविण्याऐवजी गावाने आधी स्वतःच्या नोंदी ठेवाव्यात. वज्जींच्या सात लक्षणांचे स्मरण ठेवून आम्ही सात नोंदी सुचवितो.

१) गावातील निवडक विहिरींची पातळी : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे.

२) वस्तीतील शेवटच्या नळाखाली हंडा भरण्यास लागणारा वेळ.

३) जून आणि जानेवारी यांतील शाळेच्या हजेरीतील फरक, मुली व मुलगे वेगळे धरून.

४) हंगामात गावातून गेलेले कोयते.

५) दहावीनंतर पुढे शिकत असलेल्या मुली.

६) ठरावीक शेतांच्या मृदा आरोग्य पत्रिकेतील सेंद्रिय कर्बाचे प्रमाण. जमीन कसदार होत आहे की उसवत आहे, हे त्यावरून कळते.

७) २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना आलेल्या स्त्रिया आणि वस्तीतील माणसे, आणि त्यांच्यापैकी बोललेली माणसे.

सातव्या नोंदीत केवळ उपस्थितीची सही पुरेशी नाही. घरी वही फिरवून घेतलेल्या सह्यांवर भरलेल्या सभा आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. वज्जी वरचेवर जमतात काय, या प्रश्नात जमणे अभिप्रेत आहे, अंगठा नव्हे.

नोंदी ठेवताना काही पथ्ये पाळावी लागतील. एकदा ठरविलेली पद्धत दरवर्षी बदलू नये. विहीर बदलली, महिना बदलला तर तुलना संपते. नोंद घेणाऱ्यांत वस्तीतील एक स्त्री अवश्य असावी, कारण शेवटचा हंडा तिच्या डोक्यावर असतो. कोणाचे कर्ज किती, कोणाची मुलगी शाळेतून का निघाली, अशी घरगुती माहिती नावासह भिंतीवर लावू नये. संख्या सार्वजनिक असावी, घराची लाज सार्वजनिक होऊ नये. आणि आकड्यावर बक्षीस लावताना जपावे. हजेरीवर बक्षीस लावले की हजेरीपट भरतो, वर्ग रिकामाच राहतो, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही.

सर्वांत मोठे पथ्य म्हणजे धीर. एका वर्षाच्या नोंदीतून फारसे काही कळत नाही. एखादे साल पावसाचे, एखादे कोरडे. पाच-सात वर्षांची रेघ जेव्हा भिंतीवर उमटते, तेव्हा पाऊस बरा होऊनही पातळी का खाली चालली आहे, असा प्रश्न गावातील पोरही विचारू लागते. तो प्रश्न विचारला जाणे हीच नियोजनाची सुरुवात आहे.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

कूटदन्त सुत्तात महाविजित राजाची कथा येते. राज्यात चोऱ्या-लुटी वाढल्या तेव्हा पुरोहिताने त्याला दंड वाढविण्याऐवजी शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला योग्य वेतन देण्याचा सल्ला दिला. राजाने तसे केले. त्याचा परिणाम सुत्तकाराने खजिन्याच्या आकड्यांतच सांगून सोडून दिला नाही. लोक लेकरांना कडेवर नाचवीत आनंदाने राहू लागले आणि घरांची दारे उघडी ठेवून झोपू लागले, असे सांगितले. उघडे दार आणि आईच्या कडेवरचे मूल, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेने जपलेले दोन निर्देशक आहेत. हंगामात कुलूप लागलेल्या घरांच्या गावांतून आलेल्या आपल्याला त्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्यापैकी कोणी शिक्षक आहेत, कोणी अभियंते, परिचारिका, ग्रामसेवक, बँकेतील कर्मचारी. आपण गावाला देणगी देता, विहाराला हातभार लावता, त्याबद्दल संस्था कृतज्ञ आहे. यंदा आणखी एक विनंती आहे. आपल्या गावासाठी एक वही सुरू करावी. सातही नोंदी जमल्या नाहीत तर दोन घ्याव्यात, पण त्या थांबवू नयेत. गावात राहणारा भाऊ, वहिनी, शाळेतील गुरुजी यांच्याकडे ती सोपवावी आणि बुद्धपौर्णिमेला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावी गेलात की आधी ती पाहावी. आमच्या ग्रंथालयात या वह्यांच्या प्रतींसाठी एक कपाट राखून ठेवले आहे. नववीचे विद्यार्थी त्यांवरून दरवर्षी आलेख काढतील आणि ज्या त्या गावच्या ग्रामसभेला पाठवतील.

कपाट सध्या जवळजवळ रिकामे आहे. पुढच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला येताना आपल्या गावाची पहिली वही बरोबर आणावी, ही नम्र विनंती.

भवतु सब्ब मंगलम्.